उलटणारा घन, ओलॉइड आणि शेतातली मिसळण: एका प्रश्नाचा आढावा

प्रश्न नेमका कोणता

एखादा पदार्थ ढवळण्यासाठी किंवा दोन पदार्थ एकजीव करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या यंत्रांपैकी बहुतेकांचा गाभा एका स्थिर आसाभोवतीचे फिरणे हाच असतो. टाकीतले पाते, काँक्रीट कालवणारा ड्रम आणि पशुखाद्याच्या कारखान्यातला रिबन मिक्सर ही वरकरणी वेगळी दिसणारी यंत्रे या बाबतीत एकाच कुळातली आहेत. विसाव्या शतकात मात्र, आस स्वतःच सतत दिशा बदलत राहील आणि भांडे फिरता फिरता कलेल, सरकेल व उलटेल अशी गती मिसळणीसाठी वापरण्याचे प्रयत्न झाले आणि त्यांतून टर्ब्युला हा मिश्रक व ओलॉइड हा ढवळक अशी दोन यंत्रे स्वित्झर्लंडमधून बाजारात आली. त्यांचा शेतीशी संबंध दोन वाटांनी जोडला जातो. एक वाट सरळ उपयुक्ततेची आहे: बियाण्याला औषध चोळणे, खाद्यात खनिजे मिसळणे, शेणकाला ढवळणे, तळ्यातले पाणी हलते ठेवणे ही कामे शेतावर नेहमीचीच आहेत. दुसरी वाट बायोडायनॅमिक, म्हणजे जीवगतिक, शेतीच्या विचारातून येते आणि ती ढवळण्याच्या रीतीलाच पाण्याचे व पिकाचे गुण बदलणारी शक्ती मानते. या दोन वाटांवरचे दावे अनेकदा एकाच दमात सांगितले जातात. ते सुटे करून पाहिल्याशिवाय या क्षेत्राची आजची स्थिती कळणे अवघड आहे.

डोर्नाखची पार्श्वभूमी

जून 1924 मध्ये रुडॉल्फ स्टायनर यांनी कोबरविट्झ (आजच्या पोलंडमधील कोबिएझित्से) येथे शेतीविषयक व्याख्याने दिली आणि त्यांतून जीवगतिक शेतीचा उगम झाला. गायीच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरायचे, नंतर त्यातले थोडेसे द्रव्य पाण्यात घालून तासभर ढवळायचे आणि ते शेतावर शिंपडायचे, ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध कृती होय. भारतात ती ‘बीडी-500’ या नावाने ओळखली जाते आणि एकरी सुमारे 25 ग्रॅम एवढेच द्रव्य वापरले जाते. ढवळण्याची रीत येथे तपशिलाने ठरवून दिलेली आहे: पाणी एका दिशेने फिरवून खोल भोवरा तयार करायचा, मग एकदम दिशा उलटी करून तो मोडायचा, क्षणभर पाण्याचा गोंधळ होऊ द्यायचा आणि विरुद्ध दिशेने नवा भोवरा उभा करायचा.

स्टायनर यांच्या चळवळीचे केंद्र असलेल्या, बाझेल शहराजवळच्या डोर्नाख या गावी पॉल शात्झ (1898–1979) हे शिल्पकार आणि भूमितीचे अभ्यासक 1927 पासून राहत होते. घनाचे काही भाग सांध्यांनी जोडले तर त्यांचा एक पट्टा होतो आणि हा पट्टा आतली बाजू बाहेर व बाहेरची आत करत अखंड उलटत राहू शकतो, हे त्यांना 1929 मध्ये आढळले. वलन म्हणजे जागच्या जागी फिरणे आणि स्थानांतर म्हणजे सरकणे, या दोन परिचित गतींच्या बरोबरीने ‘उलटणे’ ही तिसरी मूलभूत गती मानावी आणि तंत्रज्ञानाने तिचा वापर करावा, असे शात्झ यांचे प्रतिपादन होते. पुढे ब्रिटिश शिल्पकार जॉन विल्क्स (1930–2011) यांनी 1970 मध्ये ‘फ्लोफॉर्म’ नावाची उथळ, दुहेरी वाट्यांसारखी पात्रे विकसित केली. त्यांतून पाणी वाहताना कोणत्याही हलत्या भागाशिवाय इंग्रजी आठच्या आकड्यासारखे आळीपाळीने झोके घेते. शात्झ आणि विल्क्स यांच्या कामाची पद्धत वेगळी असली तरी दोघांची वैचारिक भूमी एकच होती, आणि शुद्ध भूमितीतून आलेल्या या यंत्रांच्या चर्चेत शेती इतक्या लवकर का शिरली याचे उत्तर बऱ्याच अंशी त्या समान भूमीत सापडते.

उलटणाऱ्या घनाची भूमिती

शात्झ यांच्या रचनेत घनाचे तीन समान घनफळांचे भाग पडतात. दोन भाग समोरासमोरच्या कोपऱ्यांकडून एकमेकांत अडकणारे असतात, आणि त्यांच्यामधून निघणारा तिसरा भाग म्हणजे सहा चतुष्फलकांचा उलटणारा पट्टा. या पट्ट्याचे यांत्रिक सार काढले की सहा दांडे आणि सहा बिजागरीसारखे सांधे यांची एक बंद साखळी उरते. यंत्ररचनेच्या नेहमीच्या हिशेबाने ही साखळी हलायलाच नको. अवकाशातल्या सुट्या दांड्याला सहा प्रकारे हलण्याची मोकळीक असते आणि प्रत्येक बिजागरी त्यांतल्या पाच काढून घेते. एक दांडा पक्का धरला तर उरलेल्या पाच दांड्यांच्या तीस मोकळिकी आणि सहा सांध्यांची तीस बंधने मिळून शिल्लक शून्य येते. तरीही साखळी हलते, कारण आसांमधले काटकोन आणि अंतरे इतकी नेमकी जुळलेली असतात की काही बंधने एकमेकांचीच पुनरावृत्ती करतात. अशा यंत्ररचनांना अतिबंधित रचना म्हणतात. फ्रेंच गणितज्ञ राउल ब्रिकार यांनी सहा सांध्यांच्या अशा साखळ्यांचा अभ्यास केला होता, आणि शात्झ यांची साखळी त्याच कुटुंबातली एक विशेष रचना मानली जाते.

टर्ब्युला या मिश्रकात हीच साखळी काम करते. दोन समांतर दांड्यांच्या टोकांना दोन कमानी असतात आणि त्यांच्यामध्ये भांड्याची टोपली अडकवलेली असते. एक दांडा एकसारख्या वेगाने फिरला तर दुसरा आळीपाळीने पुढे धावतो आणि मागे रेंगाळतो, आणि मधले भांडे फिरता फिरता कलंडत, सरकत, उलटत जाते. बाझेल येथील वीली ए. बाखोफेन या कंपनीने हे यंत्र बनवले. औषधनिर्मिती, धातूंची पूड आणि प्रयोगशाळांतील नमुने यांसाठी ते आजही वापरले जाते, आणि त्याच धर्तीचे त्रिमितीय मिश्रक आता अनेक देशांतले यंत्रकार तयार करतात.

ओलॉइड हा त्याच गतीतून निघालेला आकार आहे. समान त्रिज्येची दोन वर्तुळे परस्परांना काटकोनात असलेल्या प्रतलांत अशी ठेवायची की प्रत्येकाचे केंद्र दुसऱ्याच्या परिघावर येईल. मग दोन्ही वर्तुळांवर ताणून बसवलेल्या कातड्यासारखा जो पृष्ठभाग मिळतो तो ओलॉइड. त्याची लांबी त्रिज्येच्या तिप्पट असते, त्याला एकही टोक नसते आणि दोनच वक्र कडा असतात. त्याचे पृष्ठफळ तेवढ्याच त्रिज्येच्या गोलाइतके भरते, घनफळ मात्र त्या गोलाच्या सुमारे 73 टक्के असते. सपाट जमिनीवर तो झोकांड्या खात गडगडतो आणि त्या ओघात त्याच्या पृष्ठभागाचा प्रत्येक भाग जमिनीला टेकून जातो. पाण्यात तो दोन दांड्यांवर बसवून फिरवला की एक बाजू आणि दुसरी बाजू आळीपाळीने पाणी ढकलते, आणि सलग धारेऐवजी ठेक्याठेक्याने पुढे सरकणारा, माशाच्या शेपटीने उठवलेल्या प्रवाहासारखा प्रवाह तयार होतो. या भागात वादाला जागा नाही. ओलॉइडचे गणित हान्स डिर्नबॉक आणि हेल्मुथ श्टाखेल यांनी 1997 मध्ये सविस्तर मांडले आहे.

मिसळणीच्या शास्त्राची बाजू

भूमिती देखणी असली म्हणून मिसळण चांगली होतेच असे नाही, आणि मिसळण चांगली झाली आहे हे ठरवण्यासाठी मोजमाप लागते. कणदार पदार्थांच्या बाबतीत पी. एम. सी. लेसी यांनी 1954 मध्ये दिलेली चौकट अजूनही पायाभूत मानली जाते. कणांचे मोठे लोट एकदम जागा बदलतात, थर एकमेकांवरून घसरतात, किंवा सुटे कण शेजारच्या कणांत हळूहळू शिरतात, अशा तीन प्रकारे मिसळण होते असे त्यांनी म्हटले, आणि ठिकठिकाणच्या नमुन्यांतल्या चढउतारावरून मिसळणीचा निर्देशांक काढला. साध्या आडव्या ड्रममध्ये कण आसाला काटकोनात भराभर मिसळतात, आसाच्या दिशेने मात्र फार मंद गतीने. शिवाय लहान व मोठे कण एकत्र असतील तर ते मिसळण्याऐवजी वेगळे होतात, आणि लांब ड्रममध्ये तर त्यांचे पट्टे पडतात. आस सतत बदलणाऱ्या गतीचा खरा फायदा येथे दिसतो, कारण तिच्यात कणांना कायमची ‘आसाची दिशा’ अशी उरतच नाही.

हा फायदा अमर्याद मात्र नाही. फ्रान्समधील संशोधकांनी चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांच्या साहाय्याने टर्ब्युलामधल्या कणांचे निरीक्षण केले तेव्हा, कणांच्या आकारातला फरक बराच वाढला की याही यंत्रात कण वेगळे होऊ लागतात असे दिसून आले. बर्मिंगहॅम विद्यापीठात किरणोत्सारी कणाचा माग काढून केलेल्या अभ्यासांतून आणखी एक गोष्ट पुढे आली: फेऱ्यांचा वेग वाढवला की मिसळण त्याच प्रमाणात वाढत नाही, कारण वेगाबरोबर भांड्यातल्या प्रवाहाची जातच बदलते.

द्रवांच्या बाबतीत दिशा उलटण्याचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. बादलीतले पाणी एकाच दिशेने फिरवत राहिले तर थोड्या वेळाने सगळे पाणी एका घन पदार्थासारखे एकत्र फिरू लागते आणि आतल्या आत मिसळण जवळजवळ थांबते. दिशा उलटली की हे एकत्र फिरणे मोडते. ताक घुसळणाऱ्या रवीची दोरीने होणारी उलटसुलट गती याच कारणाने सयुक्तिक ठरते. पण द्रव फार दाट असेल आणि गती संथ असेल तर हाच नियम उलटा पडतो. जी. आय. टेलर यांनी दाखवून दिलेल्या प्रसिद्ध प्रयोगात दोन नळकांड्यांमधल्या दाट द्रवात पसरलेला रंगाचा थेंब, फिरवणे तेवढेच उलटे केल्यावर, पुन्हा जवळपास मूळ जागी गोळा होतो, म्हणजे दिशा उलटल्याने मिसळण होण्याऐवजी झालेली मिसळण पुसली जाते. अशा द्रवासाठी काय करावे याचे एक उत्तर हसन अरेफ यांनी 1984 मध्ये दिले: दोन वेगवेगळ्या ठिकाणचे भोवरे आळीपाळीने चालू केले तर प्रवाह संथ असूनही कणांचे मार्ग इतके गुंतागुंतीचे होतात की द्रव ताणला व दुमडला जाऊन झपाट्याने मिसळतो. आस बदलणाऱ्या यंत्रांचे आजवरचे सर्वांत भक्कम सैद्धांतिक समर्थन शात्झ यांच्या लेखनात नसून येथे आहे, असे म्हणता येईल. आळीपाळीने होणाऱ्या, एकमेकींना नेमक्या न पुसणाऱ्या गती मिसळणीला पोषक असतात. मात्र त्या घनाच्या उलटण्यातूनच यायला हव्यात असे त्यातून सिद्ध होत नाही.

तीन भूमिका

या विषयावरच्या मतांची ढोबळमानाने तीन गटांत मांडणी करता येते. पहिला गट जीवगतिक परंपरेचा. त्याच्या मते पाणी हे केवळ विद्रावक नसून लयबद्ध गतीने त्यात सुव्यवस्था येते, ती जीवनाला अनुकूल असते आणि म्हणून ढवळण्याची रीत ही कृतीचा गाभा आहे. केवळ एकजीव होणे हा हेतू असता तर तासभर ढवळण्याची गरजच पडली नसती. याच परंपरेत यंत्राने ढवळावे की नाही यावरही एकमत नाही. काही जण माणसाच्या हाताचा व लक्षाचा सहभाग अनिवार्य मानतात, तर मोठ्या क्षेत्रावर काम करणारे फ्लोफॉर्म किंवा दिशा बदलणारी यंत्रे वापरतात.

दुसरा गट यंत्रकारांचा आणि अभियंत्यांचा आहे. त्याला पाण्याच्या गुणांच्या दाव्यांशी कर्तव्य नसून कमी ऊर्जेत, कणांना इजा न होता व भांडे न उघडता काम होते की नाही एवढेच पाहायचे असते. टर्ब्युला औषध उद्योगात टिकून राहिला तो याच निकषावर.

तिसरा गट साशंकांचा असून त्याचे आक्षेप दोन पातळ्यांवर आहेत. जीवगतिक द्रव्यांविषयी लिंडा चॉकर-स्कॉट यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात, या द्रव्यांचा पिकावर किंवा मातीवर स्वतंत्र परिणाम होतो याला पुरेसा आधार आढळत नाही असा निष्कर्ष निघाला. याच्या उलट बाजूने बाझेलजवळच्या थेरविल येथे 1978 पासून चालू असलेल्या दीर्घकालीन प्रयोगाचा दाखला दिला जातो. त्यात जीवगतिक, सेंद्रिय व पारंपरिक अशा पद्धतींची तुलना होते आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकवीस वर्षांच्या निष्कर्षांनुसार सेंद्रिय पद्धतींत उत्पादन सुमारे 20 टक्क्यांनी कमी, पण मातीतील जैविक क्रिया अधिक होती. हा दाखला महत्त्वाचा असला तरी प्रस्तुत प्रश्नाचे उत्तर तो देत नाही, कारण तेथे संपूर्ण पद्धतींची तुलना आहे, ढवळण्याच्या रीतीची नव्हे. साशंकांचा दुसरा आक्षेप निव्वळ यांत्रिक आहे. खळबळत्या प्रवाहात पात्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट लागते, हलवले जाणारे पाणी मात्र दुप्पटच होते. परिणामी कोणतेही मोठे आणि संथ पाते लहान व वेगवान पात्यापेक्षा कमी ऊर्जेत जास्त पाणी हलवते, आणि ओलॉइडच्या नावावर जमा होणाऱ्या काटकसरीचा काही भाग त्याच्या आकाराचा नसून संथपणाचा असू शकतो. या आक्षेपाला समाधानकारक उत्तर अद्याप मिळालेले नाही.

शेतातली कामे

बीजप्रक्रिया हे या यंत्रांच्या दृष्टीने सर्वांत जवळचे क्षेत्र दिसते. सोयाबीनसारख्या बियाण्याचे आवरण पातळ व नाजूक असते आणि ते दुखावले की उगवण घटते. त्यामुळे बुरशीनाशक किंवा रायझोबियम, ट्रायकोडर्मा यांसारखी जिवाणू-बुरशी संवर्धके प्रत्येक दाण्याला लागली पाहिजेत आणि दाणे घासले-आपटले जाता कामा नयेत, अशी दुहेरी अट येथे असते. भारतात प्रचलित असलेला हाताने फिरवण्याचा बीजप्रक्रिया ड्रम या संदर्भात लक्षात घेण्याजोगा आहे, कारण अनेक ड्रममध्ये आस मधोमध सरळ न बसवता तिरका, कर्णाच्या दिशेने, बसवलेला असतो. प्रत्येक फेरीत बियाणे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे लोटले जाते आणि आसाच्या दिशेची मंद मिसळण ही अडचण गावातला फॅब्रिकेटरही बनवू शकेल अशा एका साध्या युक्तीने बरीच दूर होते. उलटणाऱ्या साखळीचे यंत्र शेतावर आणायचे असेल तर त्याची तुलना सरळ आसाच्या ड्रमशी करून भागणार नाही. ती या तिरक्या ड्रमशी व्हायला हवी.

पशुखाद्यात अडचण प्रमाणाची असते. टनभर खाद्यात किलो-दोन किलो खनिजे वा जीवनसत्त्वे सारखी पसरायची असतात, आणि दहा नमुन्यांतील विचलन सरासरीच्या 10 टक्क्यांच्या आत असावे हा निकष खाद्य उद्योगात सर्वमान्य आहे. एवढा मोठा ढीग उलटवणारे यंत्र करणे व्यवहार्य नाही, कारण जड भांडे सतत दिशा बदलत फिरवायचे तर सांध्यांवर व चौकटीवर येणारे झटके आकाराबरोबर झपाट्याने वाढतात. टर्ब्युलाची मॉडेलेही प्रामुख्याने 2 लिटरपासून पन्नास-एक लिटरपर्यंतच राहिली आहेत. खनिजे आधी थोड्या भुशात किंवा पेंडीच्या पिठात मिसळून घेण्याच्या पहिल्या टप्प्यासाठी मात्र असे छोटे यंत्र उपयोगी पडू शकते, आणि तेच माती व खाद्य तपासणीच्या प्रयोगशाळांत नमुना एकजीव करण्याच्या कामालाही लागू आहे.

ढवळलेल्या द्रवखतांचा विषय महाराष्ट्राला परका नाही. अमरावती जिल्ह्यातील बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी प्रचारात आणलेल्या जीवामृतात 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, गोमूत्र, प्रत्येकी सुमारे 2 किलो गूळ व बेसन आणि मूठभर माती घालून मिश्रण दोन दिवस आंबवतात आणि रोज काठीने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ढवळतात. जीवगतिक कृतीत दिशा उलटणे हा गाभा आहे, जीवामृताच्या कृतीत एकच दिशा सांगितली जाते. दोन्ही पद्धतींचे अनुयायी आपापल्या रीतीला महत्त्व देतात ही बाब तुलनात्मक प्रयोगाला आयते निमंत्रण देणारी आहे. सूक्ष्मजीवशास्त्राच्या दृष्टीने येथे ढवळण्याची कामे दोन: तळाशी बसलेला गाळ उठवणे आणि वरून हवा आत नेणे. ही दोन्ही कामे दिशेपेक्षा ढवळण्याचा जोर, वेळ व वारंवारता यांवर अधिक अवलंबून असावीत असा अंदाज करता येतो. ठिबक सिंचनातून जीवामृत द्यायचे असेल तर ढवळण्यापेक्षा गाळणे हेच मोठे काम ठरते, हे वेगळेच.

बायोगॅसच्या टाकीत शेणकाला घट्ट असतो आणि जिथे जोर लागतो तिथेच पातळ होतो; त्यामुळे लहान पात्याभोवती एक हलती पोकळी तयार होते आणि बाकीचा काला निश्चल राहतो. संपूर्ण टाकीभर झेपावणारी संथ, दिशा बदलणारी गती येथे तत्त्वतः उपयुक्त आहे. परंतु टाकीतील सूक्ष्मजीवांचे पुंजके मोडू नयेत म्हणून अधूनमधून, हलकेच ढवळणे सततच्या जोरदार ढवळण्याइतकेच किंवा त्याहून बरे ठरते, असे या क्षेत्रातील अनेक प्रयोगांत आढळले आहे. शिवाय आपल्याकडच्या घरगुती संयंत्रांत शेण व पाणी टाकीत जाण्याआधीच समप्रमाणात कालवले जाते आणि आत कोणतेही यंत्र नसते, ही त्यांची सोय मानली जाते. तेथे साय धरण्याचा त्रास असला तरी त्यासाठी सहा सांध्यांचे यंत्र बसवणे फारसे कोणाला पटण्यासारखे नाही.

शेततळी व मत्स्यतळी यांत ओलॉइडला खरी संधी दिसते. उन्हाने वरचे पाणी तापते, खालचे थंड राहते, थर एकमेकांत मिसळत नाहीत आणि तळाशी प्राणवायू संपतो. त्यातच 30 अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. थर मोडण्यासाठी फार पाणी थोड्या वेगाने हलवावे लागते, आणि ओलॉइड नेमके तेच करतो. कोळंबीच्या तळ्यांत रूढ असलेले चक्राकार वायुवीजक पाणी उडवून हवेत प्राणवायूची देवघेव करतात, ओलॉइड मुख्यतः पाणी सरकवतो. म्हणून माशांची दाटी असलेल्या तळ्यात तो चक्राची जागा घेईल असे म्हणण्यापेक्षा चक्राला पूरक ठरेल असे म्हणणे अधिक सुरक्षित आहे.

काय अनिर्णित आहे

पहिला अनिर्णित मुद्दा समान शक्तीवरील तुलनेचा आहे. एका घनमीटर पाण्याला वा मिश्रणाला तेवढीच शक्ती देऊन ओलॉइड, तेवढ्याच व्यासाचे संथ पाते आणि दिशा बदलणारे साधे पाते यांना एकाच टाकीत तपासल्याशिवाय आकाराचे श्रेय आणि संथपणाचे श्रेय वेगळे होणार नाही. दुसरा मुद्दा पाण्याच्या गुणांचा. ढवळण्याच्या रीतीमुळे पिकावर फरक पडतो असे म्हणायचे तर तेच द्रव्य, तेवढेच पाणी, तेवढाच वेळ आणि तेवढाच विरघळलेला प्राणवायू ठेवून केवळ गतीचा प्रकार बदलणारे, आणि कोणत्या वाफ्यावर काय शिंपडले हे निरीक्षकाला ठाऊक नसलेले प्रयोग लागतील.

तिसरा मुद्दा कारागिरीचा असून तो चर्चेत सहसा मागे पडतो. अतिबंधित साखळी हलते ती आस नेमक्या कोनात बसलेले असतात म्हणून. सांधे झिजले किंवा वेल्डिंगमध्ये चौकट किंचित पिळली की ती अडकते, आणि सांध्यांत मुद्दाम ढिलाई ठेवली तर आवाज व झीज वाढते. धूळ, शेणकाला आणि पावसाळी दमट हवा यांत असे यंत्र किती हंगाम चालेल, आणि बिघडले तर तालुक्याच्या गावी दुरुस्त होईल का, यावर त्याचे शेतीतील भवितव्य मोसमागणिक मिळणाऱ्या थोड्याफार सरस मिसळणीपेक्षा अधिक अवलंबून आहे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांत कृषी अभियांत्रिकीचे शिक्षण व अवजारांची चाचणी होते, आणि तेथे करता येण्याजोगा सर्वांत सोपा प्रयोग कदाचित सोयाबीनचा असेल: एकाच मोटरवर एकदा तिरक्या आसाचा ड्रम आणि एकदा उलटणाऱ्या साखळीचे भांडे चालवायचे, दोन्हींत समान वजनाचे बियाणे व समान मात्रेचे रंगीत औषध घालायचे, आणि मग दाण्यांवरील औषधाचे वाटप, तडकलेल्या आवरणांचे प्रमाण, उगवण आणि खर्ची पडलेली वीज एकत्र मोजायची.